समुद्राकाठच्या टॉवरची तब्येत कशी तपासत राहावी

टॉवरच्या देखरेखीचा विषय निघाला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, सेन्सर केवढ्याला पडतील? कोकणपट्टीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. इथल्या इमारतीला वारा हलवतो, भूकंप कधीतरी हादरवतो, पण रोज कुरतडतं ते मीठ. गच्चीवरचा कितीही महाग कंपनमापक असो, चौथ्या मजल्यावरच्या कॉलममधली सळई गंजते आहे हे तो सांगू शकत नाही. त्यामुळे इथे क्रम असा ठेवला आहे: आधी फाइल आणि भेगा, मग काँक्रीटमधलं मीठ, मग खचणं आणि कलणं, शेवटी कंपन.

कमिटीवर नव्याने आलेल्या सभासदांना आणि या कामात नवख्या सिव्हिल इंजिनिअरांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. उंच काँक्रीट इमारतींचं आयएस १६७०० हे मानक ५० मीटरच्या वरच्या आणि २५० मीटरपर्यंतच्या इमारतींना लागू होतं. कोकणपट्टीतल्या अशा बहुतेक इमारती मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या पट्ट्यात आहेत. पण अलिबागच्या किंवा रत्नागिरीच्या दहा-बारा मजल्यांनाही कंपनाचा भाग सोडला तर बाकी सगळं जसंच्या तसं लागू पडतं.

पायरी १: फाइल

ताबा मिळाल्या मिळाल्या बिल्डरकडून हे मागून घ्या: प्रत्यक्ष बांधलं तसे स्ट्रक्चरल ड्रॉइंग, माती तपासणीचा अहवाल बोअर लॉगसकट (कोणत्या खोलीवर काय लागलं याची नोंद), पायाच्या म्हणजे पाइल (जमिनीत खोल गेलेले खांब) किंवा राफ्टच्या (सलग स्लॅब) नोंदी, क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीचे) निकाल, सळई साधी टीएमटी की इपॉक्सी लेप दिलेली याची माहिती, आणि डिझाइनरने काढलेला इमारतीचा नैसर्गिक आवर्तनकाळ (एक झोका पुरा व्हायला लागणारा वेळ). शेवटच्या दोन गोष्टी कोणी मागत नाही आणि पुढे त्यांच्यावाचूनच अडतं.

घाई करण्याचं कारण आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बांधकामातला दोष ताब्यापासून ५ वर्षांच्या आत दाखवून दिला तर तो दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये स्ट्रक्चरल ऑडिट १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी सांगितलं आहे. पण पंधरा वर्षं थांबलात तर तुमची पहिली नोंदच पंधरा वर्षांनंतरची असेल आणि ती कशाशी ताडायची हे कोणालाच सांगता येणार नाही. पहिली पूर्ण तपासणी चौथ्या वर्षाच्या आत उरका.

त्यात कव्हर मीटर फिरवून सळईवरच्या काँक्रीटची जाडी मोजणं आलंच पाहिजे. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे समुद्रकाठच्या हवेला उघडं काँक्रीट 'तीव्र' गटात मोडतं: किमान एम ३० दर्जा आणि ४५ मिमी कव्हर. लाटांचे तुषार बसत असतील तर 'अतितीव्र': एम ३५ आणि ५० मिमी. मीठ आत शिरायला लागणारा वेळ ढोबळमानाने कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे ४५ च्या जागी ३० मिमीच भरलं तर तेवढ्याच काँक्रीटमध्ये सळईपर्यंत मीठ निम्म्याहूनही कमी वेळात पोचतं. कव्हर ब्लॉक (साचा आणि सळई यांत अंतर राखणारे ठोकळे) सरकलेले असणं हा आपल्याकडचा अगदी नेहमीचा दोष. म्हणून प्रत्येक मजल्यावर निदान दोन कॉलम आणि दोन बीम तपासा, समुद्राकडच्या बाजूचे आधी.

पायरी २: भेगांचा नकाशा

रंगकाम सुरू करण्याच्या आधी भेगांची नोंद करा, नंतर नव्हे. जाड लवचिक रंगाचे दोन हात बसले की बारीक भेगा दिसेनाशा होतात आणि आतला गंज निवांत चालू राहतो.

प्रत्येक कॉलमला ड्रॉइंगमधलाच ग्रिड क्रमांक द्या. भेगेची रुंदी पारदर्शक क्रॅक कार्डाने मोजा, फोटोत पट्टी ठेवा, दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या वेळी भेग रेघेपलीकडे गेली आहे का, ते तिथल्या तिथे कळतं. तीव्र गटात काँक्रीटच्या पृष्ठभागावरची भेग ०.१ मिमीच्या आसपासच असावी, अशी आयएस ४५६ ची अपेक्षा आहे. सर्वसाधारण मर्यादा ०.३ मिमी.

रुंदीपेक्षा दिशा जास्त बोलते. कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी, सळईला समांतर धावणारी भेग म्हणजे गंज. ठोकून पाहा, आवाज पोकळ येईल. बीम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची आडवी भेग बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. विटांच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि वरखालच्या मजल्यांवर त्याच रांगेत पुन्हा दिसणारी भेग असेल तर खाली काहीतरी खचतंय का ते बघा. बीमच्या टोकाजवळ, आधाराकडे तिरपी जाणारी भेग दिसली तर नोंदवही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

भेग चालू आहे की थांबलेली, हे ठरवायला एकमेकांवर सरकणाऱ्या दोन ॲक्रिलिक पट्ट्यांचा गेज चिकटवतात. गिलावा सोलून तो काँक्रीटवरच बसवा. गिलाव्यावर बसवलेला गेज गिलाव्याचीच हालचाल दाखवतो. काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी रीत स्वस्त आहे, पण काच फुटली तर हललं एवढंच कळतं, किती ते नाही. वाचन नेहमी ठरल्या वेळी घ्या. पश्चिमेच्या भिंतीवरची भेग दुपारी चारला वेगळी असते आणि सकाळी सातला वेगळी. शेजारी तापमान लिहिलं नसेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

पायरी ३: मीठ

किनाऱ्यावर खरा पैसा आणि वेळ इथे घालावा.

आधी जागा निवडा. सगळ्यांचं लक्ष समुद्राच्या तोंडावरच्या उघड्या भिंतीकडे जातं, पण पाऊस ती दरवर्षी चार महिने धुऊन काढतो. छज्ज्याखालची, बाल्कनीच्या स्लॅबखालची आणि डक्टमधली बाजू खारा वारा खाते आणि कधी धुतली जात नाही. बरेचदा पहिले पोपडे तिथूनच सुटतात. नैर्ऋत्येच्या कॉलमची एक उभी रांग, बाल्कनीच्या स्लॅबचे तळ, पोडियमचे कॉलम आणि खाडीजवळ असाल तर बेसमेंटची भिंत, एवढं पहिल्या खेपेला पुरे.

मिठातलं क्लोराइड मोजायला काँक्रीटचा भुसा काढतात. रोटरी हॅमरला १६ ते २० मिमीचा बिट लावा, कव्हर मीटरने सळई चुकवा आणि एकमेकांजवळ तीन भोकं घ्या, म्हणजे एखादी मोठी खडी आल्याने निकाल बिघडत नाही. पहिले ५ मिमी टाकून द्या. मग ५ ते १५, १५ ते २५, २५ ते ३५, ३५ ते ४५ मिमी असे थर वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. प्रत्येक थरानंतर भोक आणि बिट फुंकून साफ करा, नाहीतर वरचं मीठ खालच्या पिशवीत जातं आणि निकाल उगाच वाईट येतो. प्रयोगशाळेचा आकडा काँक्रीटच्या वजनाच्या टक्केवारीत आला तर त्याला २४०० ने गुणून १०० ने भागा, म्हणजे घनमीटरमागे किलो मिळतात. बांधतानाच्या काँक्रीटला आयएस ४५६ ची मर्यादा ०.६ किलो आहे, म्हणजे अंदाजे ०.०२५ टक्के. सळईच्या खोलीवर हा आकडा ओलांडला गेला असेल तर गंजाला रान मोकळं आहे असं समजून पुढची आखणी करा.

चार थरांचे आकडे आलेखावर मांडले की मीठ आलं कुठून तेही कळतं. वर जास्त आणि आत उतरत गेलेलं असेल तर ते वाऱ्याबरोबर आलं आहे. वरून संरक्षक लेप देऊन वेग कमी करता येतो. सगळ्या थरांत जवळपास सारखंच असेल तर ते मिश्रणातच होतं: न धुतलेली खाडीची वाळू किंवा मचूळ पाणी. अशा इमारतीला बाहेरून कितीही भारी कोटिंग मारा, फरक पडत नाही.

दुसरी तपासणी हाफ-सेल पोटेन्शियल, म्हणजे सळईच्या विद्युत दाबावरून गंजाचा अंदाज. एका जागी सळई उघडी करून मल्टिमीटरची तार जोडायची, तांबे-मोरचूद इलेक्ट्रोड ओल्या स्पंजवरून पृष्ठभागावर टेकवायचा आणि ३०० ते ५०० मिमीच्या ग्रिडवर मिलिव्होल्ट लिहायचे. सुरुवातीला दुसरीकडे आणखी एक सळई उघडी करून दोघींमधला रोध तपासा; तो १ ओहमच्या आत हवा. सळया एकमेकींशी जोडलेल्या नसतील तर पुढचे आकडे निरर्थक. एएसटीएम सी ८७६ या मानकाप्रमाणे उणे २०० पेक्षा कमी ऋण आकडा असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे ३५० च्या पलीकडे गेला तर गंज असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, मधला पट्टा अनिश्चित.

हे तीन आकडे सगळ्यांना पाठ असतात. फसगत होते ती पुढच्या गोष्टींत. ऐन पावसाळ्यात चिंब काँक्रीटला प्राणवायू पोचत नाही, आणि गंज नसतानाही आकडा उणे ३५० च्या खूप खाली जातो. इपॉक्सी लेपाच्या सळया एकमेकींपासून विजेच्या दृष्टीने तुटलेल्या असतात, तिथे ही तपासणी लागूच होत नाही. फाइलमध्ये सळईचा प्रकार लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी. रंग आणि गिलावा काढल्याशिवाय वाचन घेऊ नका. आणि एकट्या आकड्यापेक्षा उतार पाहा. हातभर अंतरात दीडशे मिलिव्होल्टचा फरक पडला असेल तर सगळीकडे सारखा उणे ३०० असण्यापेक्षा ती जागा जास्त संशयास्पद.

कार्बोनेशनची, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म किती गेला याची, तपासणी पाच मिनिटांची. ताजा तुकडा फोडून धूळ झटका आणि अल्कोहोलमधलं १ टक्का फिनॉल्फ्थेलिन फवारा. गुलाबी झालेला भाग अजून अल्कधर्मी, रंगहीन राहिलेला भाग निकामी. पण गुलाबी रंग पाहून सुटकेचा श्वास सोडू नका, कारण मिठाचा त्याच्याशी काही संबंध नाही. किनाऱ्यावर छान गुलाबी काँक्रीटमध्ये सळई गंजलेली सापडते.

रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून किती उसळतो ते पाहणारा) आणि अल्ट्रासॉनिक पल्स (काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा वेग) यांचे आकडे प्रत्येक ऑडिट अहवालात पानंच्या पानं असतात. हॅमरवरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडेतिकडे धरावं लागतं, आणि कार्बोनेशन झालेला जुना पृष्ठभाग टणक होऊन आकडा उलट वाढवतो. पल्सचा वेग सेकंदाला ३.५ किमीच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली गेलं तर शंकास्पद, ही पूर्वापारची ढोबळ प्रतवारी. ओलावा आणि वाटेतली सळई दोन्ही वेग फुगवतात. या तपासण्या कमकुवत जागा हुडकायला वापरा, ताकद ठरवायला कोअर (काँक्रीटचे दंडगोल तुकडे) काढा. तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको, हा आयएस ४५६ चा निकष.

पायरी ४: खचणं आणि कलणं

कॉलमवर, प्लिंथपासून हातभर उंचीला, स्टेनलेस स्टीलचे गोल डोक्याचे स्टड बसवा: प्रत्येक कोपऱ्याला आणि मध्ये दर १० ते १५ मीटरला एक. ३१६ प्रतीचं स्टील घ्या, ३०४ वर खाऱ्या हवेत लवकर तांबूस डाग धरतात. संदर्भासाठी आवाराबाहेर, कातळावर, दोन किंवा तीन बेंचमार्क (न हलणाऱ्या खुणा) ठेवा. एकच ठेवलात आणि तोच बसला, तर इमारत वर चालली आहे असा अहवाल येतो. डिजिटल लेव्हलने निघाल्या जागी परत येणारी बंद फेरी घ्या. ती १ मिमीच्या आत जुळली नाही तर पुन्हा करा.

एकूण किती खचलं यापेक्षा शेजारच्या दोन कॉलममध्ये फरक किती पडला, ते महत्त्वाचं. ८ मीटर अंतरावरच्या दोन स्टडमध्ये ४ मिमी फरक म्हणजे १/२०००, चिंता नको. १६ मिमी म्हणजे १/५००, इथे थांबून कारण शोधायचं. २७ मिमीच्या आसपास, म्हणजे १/३०० ला, भिंतींना तडे जायला लागतात.

खाडीच्या भरावावर एक गोंधळ हमखास होतो. पाइल खडकावर टेकलेले असल्याने टॉवर जागचा हलत नाही, पण भोवतीचा भराव आणि त्याखालचा चिखल बसत राहतो. प्लिंथ आणि पेव्हर ब्लॉक यांत फट पडते, गटाराचा पाइप तुटतो आणि 'बिल्डिंग खचली' म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. स्टडची वाचनं स्थिर असतील तर दुरुस्ती आवाराची करायची. फक्त जमिनीतून आत येणारे गॅस आणि पाण्याचे जोड लवचिक आहेत का ते पाहा. जांभ्यावरच्या इमारतीत काळजी वेगळी: वरचा जांभा टणक, पण त्याखाली मऊ माती असू शकते. शेजारच्या प्लॉटला खोल खोदाई सुरू झाली की तुमच्या स्टडचं वाचन आठवड्याला आणा.

कल मोजायला लिफ्टच्या किंवा जिन्याच्या डक्टमध्ये ओळंबा अजूनही उत्तम. ७० मीटर तारेला १० किलोच्या आसपास वजन आणि ते तेलाच्या बादलीत बुडवलेलं. तेवढा लांब ओळंबा एका झोक्याला सुमारे १७ सेकंद घेतो, म्हणून थांबायची तयारी ठेवा. नाहीतर गच्चीच्या कोपऱ्यांवर परावर्तक लावून ठरलेल्या जागेवरून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने) मोजा. कोनाच्या एका सेकंदाइतक्या अचूकतेचं यंत्र १०० मीटरवर अर्धा मिमी ओळखतं.

वाचन उजाडण्यापूर्वी घ्या, मतलई वारा मंद असताना. उन्हाने तापलेली बाजू लांबते आणि टॉवर सूर्याकडे पाठ करून कित्येक मिलिमीटर वाकतो. सकाळी दहाचं आणि संध्याकाळी पाचचं वाचन जोडून 'इमारत पूर्वेकडे कलली' म्हणणारा अहवाल आला तर तो परत करा. उंचीच्या १/५०० ही आयएस १६७०० मधली मर्यादा वाऱ्यातल्या झुकण्यासाठी आहे. कायमच्या कलाला ती वापरू नका.

पायरी ५: कंपन

आता सेन्सर. प्रत्येक इमारतीचा स्वतःचा झुलण्याचा वेग असतो, आणि तिचा ताठपणा कमी झाला की तो मंदावतो. ६० मीटरच्या काँक्रीट फ्रेमला भूकंपाच्या आयएस १८९३ या मानकातल्या सूत्राने आवर्तनकाळ साधारण १.६ सेकंद येतो. प्रत्यक्ष मोजलेला बहुधा त्याहून कमी भरतो, कारण विटांच्या भिंती ताठपणा वाढवतात. म्हणून तुलना सूत्राशी नको, पहिल्या मोजणीशी करा.

तीन दिशांचे, कमी गोंगाटाचे ॲक्सेलरोमीटर (कंपनमापक) लागतात. शांत दिवशीची कंपनं मोबाइलमधल्या सेन्सरच्या आवाक्याबाहेर असतात. गच्चीवर समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन (पीळ ओळखायला), मध्यावर एक, तळघरात एक, सगळे एकाच घड्याळाला बांधलेले. ब्रिकबॅट कोब्यावर ठेवू नका. मशीन रूमच्या स्लॅबवर किंवा शिअर वॉलला (आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीला) पक्के बसवा. सेकंदाला १०० वाचनं, निदान तासभर. पंप आणि जनरेटर बंद ठेवता आले तर उत्तम, नाहीतर त्यांच्या वेळा लिहून ठेवा.

वारंवारता (सेकंदाला किती झोके) ५ टक्क्यांनी घटली तर ताठपणा सुमारे १० टक्क्यांनी घटलेला असतो. पण दोन-तीन टक्के तर ऋतूच हलवतो. कॅलिफोर्नियात कॅलटेक या तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारातल्या नऊ मजली इमारतीच्या (तेव्हाची मिलिकन लायब्ररी) दीर्घ नोंदींत जोराच्या पावसाने वारंवारता काही टक्क्यांनी सरकलेली दिसली आहे. आपल्या पावसाचं तर बोलायलाच नको. पहिलं पूर्ण वर्ष फक्त नोंद घ्या आणि त्यात एकही निष्कर्ष काढू नका. पुढे मेची तुलना मेशी, ऑगस्टची ऑगस्टशी.

वादळाच्या दिवशीची नोंद वर्षभराच्या नोंदींपेक्षा मोलाची, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगडातल्या अनेक गावांत कित्येक दिवस अंधार होता. लॉगरला (वाचनं साठवणाऱ्या यंत्राला) किमान तीन दिवसांची बॅटरी, पाणी आणि मीठ न शिरणारी पेटी आणि विजेच्या लोटापासून संरक्षण द्या. केबल पाइपातून न्या, डक्टमधले उंदीर त्या सोडत नाहीत. वरच्या मजल्यांवर झुलल्यासारखं वाटलं म्हणून रहिवासी घाबरतात. पण माणसाला ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाच्या आसपासच जाणवायला लागतं, तर दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यासाठी निवासी इमारतीची मर्यादा ०.१५ आहे. झुलणं जाणवणं म्हणजे लगेच धोका नव्हे, हे नोटीस बोर्डावर आधीच लावून ठेवा.

वेळापत्रक आणि धोक्याची पातळी

भेगा आणि गेज वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरअखेर. स्टड आणि कल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. हाफ-सेल दर दोन वर्षांनी, हिवाळ्यात. क्लोराइड दर पाच वर्षांनी, त्याच कॉलमवर, जुन्या भोकांपासून वीतभर दूर. भूकंप, चक्रीवादळ किंवा बेसमेंटमध्ये पाणी भरल्यानंतर सगळी जलद वाचनं दोन दिवसांत.

कोणत्या आकड्याला काय करायचं, ते आधीच लिहून ठेवा. एखादं वाचन नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. दोनदा बाहेर गेलं तर इंजिनिअर. कॉलमचा पोपडा सुटून सळई उघडी पडली आणि तिची जाडी घटलेली दिसली, किंवा कॉलमच्या भेगेतून काँक्रीट चुरडल्यासारखं निघालं, तर आधी वरच्या-खालच्या स्लॅबला प्रॉप (टेकू) लावून घ्या, त्या रांगेतले फ्लॅट रिकामे करा, बैठक मग घ्या.

गंजलेल्या भागावर नुसता पॉलिमर मॉर्टर भरून कंत्राटदार निघून गेला तर दोन-तीन वर्षांत पॅचच्या कडेला नवी भेग येते, कारण जुनं खारवलेलं काँक्रीट शेजारीच राहिलेलं असतं. सळईच्या मागे बोटभर जागा होईपर्यंत काँक्रीट काढलं का, ते भरण्याआधी स्वतः उभं राहून पाहा.

देखरेखीचा करार करताना दोन ओळी घालून घ्या: कच्ची वाचनं दर तिमाहीला साध्या फाइलमध्ये सोसायटीला मिळतील, आणि यंत्र बदललं तर जुनं आणि नवं महिनाभर शेजारी-शेजारी चालवून दोघांतला फरक लिहून दिला जाईल.